तारे देणाऱ्याला कमिशन ठाऊक नको

तुमचा प्रश्न मी समजले तो असा: बेटिंग साइटांची परीक्षणं छापणाऱ्या एका संकेतस्थळावर तुम्ही तीन महिन्यांपूर्वी लेखक म्हणून रुजू झालात. प्रत्येक साइटला चारच्या वर तारे द्यायचे आणि दोष लिहायचाच तर ‘अ‍ॅप थोडं संथ वाटलं’ इतपतच लिहायचा, अशी तोंडी सूचना आहे. खोटं म्हणावं असं एकही वाक्य अजून लिहावं लागलेलं नाही, तरी टोचतं आहे. म्हणून विचारता आहात, की कमिशनवर चालणारं परीक्षण प्रामाणिक असू शकतं का, की तो शब्द इथे वापरूच नये.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. या धंद्यात मी अकरा वर्षं आहे. पहिली चार लेखक म्हणून, नंतरची संपादक म्हणून. पहिल्या चार वर्षांत मी तेच केलं जे तुम्ही आज करता आहात, आणि मला तुमच्याइतकं टोचलंही नव्हतं.

तुम्ही अडचण वाक्यांमध्ये शोधता आहात. ‘मी खोटं लिहिलेलं नाही’ हे तुम्ही दोनदा म्हटलंत. मान्य. पण वाचक काय करतो ते बघा. ‘सर्वोत्तम दहा’ची यादी उघडतो, वरची दोन-तीन नावं बघतो, तारे बघतो, बोनसचा आकडा बघतो आणि बटण दाबतो. खालचे हजार शब्द फार थोडे जण वाचतात. मग खरं परीक्षण कोणतं? तो क्रम. तुमचा मजकूर म्हणजे त्या क्रमाला लावलेलं अस्तर. आणि क्रम कोण लावतं, कशावरून लावतं, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. माझा अंदाज, तुम्ही ते विचारलं नसेल. मीही विचारलं नव्हतं.

दुसरी जागा गाळलेल्याची. यादीत ज्या साइट नाहीत त्या का नाहीत? वाचकाला वाटतं, तपासून नापास केल्या असतील. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की त्या कमिशन देत नाहीत. म्हणजे प्रत्येक वाक्य खरं असूनही पान खोटं असू शकतं. म्हणून मी प्रश्न फिरवून मांडते: लेखक किती सच्चा आहे हे दुय्यम, क्रम लावणाऱ्याला पैसा कुठून येतो हे आधी.

त्याही आधी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे कायदा. ब्रिटनमध्ये परवानाधारक साइटची जाहिरात करता येते आणि अफिलिएटने, म्हणजे कमिशनवर वाचक पाठवणाऱ्या आपल्यासारख्या संकेतस्थळाने, काय छापलं याची जबाबदारी ऑपरेटरवर, म्हणजे बेटिंग साइट चालवणाऱ्या कंपनीवरही येते. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तुमचे वाचक जिथे राहतात तिथे अशी बंदी असेल, तर कमिशनची लिंक लावलेलं पान कितीही सच्च्या भाषेत लिहिलं तरी ती जाहिरातच ठरू शकते. ‘आमचा सर्व्हर परदेशात आहे’ हे उत्तर मी मालकांच्या तोंडून खूपदा ऐकलं आहे. त्यांच्या वकिलांकडून अजून एकदाही ऐकलेलं नाही. तेव्हा तुमचं संकेतस्थळ कोणत्या देशातल्या वाचकांसाठी आहे, हे सगळ्यात आधी विचारा. पुढचं सगळं मी जिथे हा व्यवसाय कायदेशीर आहे अशा बाजारांबद्दल लिहिते आहे.

आता पैशाकडे. कमिशनचे प्रकार ढोबळमानाने तीन. पहिला ठोक रकमेचा: पानावर जागा द्या, महिन्याला इतके घ्या. दुसरा माणशी: तुमच्या लिंकवरून येऊन कोणी पहिल्यांदा पैसे भरले, की एकदाच ठरलेली रक्कम. धंद्यात याला सीपीए म्हणतात. तिसरा महसुलातला वाटा. वाचक त्या साइटवर जे हरेल, त्यातून बोनस, कर आणि शुल्क वजा जाऊन जे उरतं, त्याचे साधारण २५ ते ४० टक्के परीक्षण करणाऱ्याला. आणि हे अनेकदा त्या वाचकाचं खातं चालू असेपर्यंत.

हा तिसरा प्रकार शांतपणे परत वाचा. वाचक हरला तर तुमच्या मालकाला पैसे मिळतात. वाचक जिंकला तर नुसते मिळत नाहीत असं नाही. पुष्कळ करारांत एक कलम असतं ज्याप्रमाणे त्या महिन्याची उणे रक्कम पुढच्या महिन्यात ओढली जाते. म्हणजे तुमच्या लिंकवरून गेलेल्या एखाद्याला मोठी लॉटरी लागावी तशी रक्कम लागली, तर तुमच्या मालकाचं खातं लाल होतं आणि ते भरून निघेपर्यंत बाकीच्या वाचकांनी हरत राहावं लागतं. मी ज्या ठिकाणी लेखक होते, तिथे असं एकदा झालं. कोणा एका अनोळखी माणसाने एका रात्रीत बरंच काही जिंकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतकी वातावरण. ज्याच्यासाठी आम्ही ‘वाचकहित’ वगैरे लिहायचो, तो जिंकला म्हणून आम्ही तोंड पाडून बसलो होतो. मला पहिल्यांदा टोचलं ते तेव्हा.

मग महसुलातला वाटा घेणारं परीक्षण प्रामाणिक असूच शकत नाही का? सैद्धांतिक उत्तर ‘असू शकतं’ असं आहे. माझं व्यवहारातलं उत्तर असं, की असं टिकलेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून मी संपादक झाल्यावर पहिली अट महसुलातला वाटा न घेण्याचीच घातली. सीपीए निर्दोष नाही. त्यात लोकांना खाती उघडायला लावायचा मोह असतोच, आणि जो जास्त देतो त्याला वर चढवायचाही. पण निदान वाचकाच्या पुढच्या दहा वर्षांच्या तोट्यात तुमचा हिस्सा नसतो. ठोक रक्कम सगळ्यात स्वच्छ, फक्त त्या जागेवर ‘जाहिरात’ हा शब्द छापायला हवा. क्रमातली जागा विकून तिला ‘संपादकांची निवड’ म्हणायचं, ही सरळ फसवणूक.

आणि पैशाइतकीच महत्त्वाची भिंत. आमच्याकडे गुण देणाऱ्याला कमिशनचे आकडे दिसत नाहीत. तपासणी होते, गुण ठरतात, पान गोठतं; त्यानंतरच व्यवसाय बघणारे त्या ऑपरेटरशी बोलतात. बोलणी फिसकटली तरी गुण आणि जागा बदलत नाही, लिंक तेवढी साधी राहते. कमिशन न देणाऱ्या तीन साइट आज आमच्या पहिल्या दहांत आहेत. मालकाला हे आवडतं असं नाही. दर तिमाहीला त्यावरून वाद होतो, आणि त्यांच्या बाजूलाही काही तथ्य असतं, कारण पगार त्याच पैशातून निघतात.

तुम्ही एकट्याने चालवलेल्या ब्लॉगबद्दलही विचारलंत. एकटा माणूस स्वतःच्या डोक्यात भिंत कशी बांधणार? नाही बांधता येत. तिथे मी दोनच गोष्टी सुचवेन. गुणांची पद्धत आधी छापा आणि तिला बांधलेले राहा. आणि कमिशन घ्यायचंच तर सगळ्यांकडून एकाच प्रकारचं, शक्यतो सारख्याच रकमेचं घ्या, म्हणजे वर-खाली करण्यात तुम्हाला फायदा उरत नाही. जे तेवढं देणार नाहीत त्यांची लिंक बिनकमिशनची ठेवा.

‘आम्हाला कमिशन मिळू शकतं’ ही तळटीप लिहायला हवी हे तुम्हाला माहीत आहेच. अमेरिकेत एफटीसीचा, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी व्यापार आयोगाचा, आग्रह असतो की असा खुलासा ठळक आणि वाचकाच्या नजरेच्या वाटेत हवा. तळाला बारीक अक्षरांत नाही. त्याच संस्थेचा ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियम आणखी एका गोष्टीला हात घालतो: एखादी कंपनी स्वतःच्या ताब्यातलं संकेतस्थळ ‘स्वतंत्र परीक्षणं’ म्हणून चालवू शकत नाही. हे आमच्या धंद्याला चांगलंच लागू आहे. काही परीक्षण संकेतस्थळांची आणि ते ज्यांची परीक्षणं करतात त्या साइटांची मालकी वर जाऊन एकाच समूहाला मिळते. पण खुलाशाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. ‘मिळू शकतं’ असं लिहिलं की आपण सुटलो असं लोकांना वाटतं. वाचकाला उपयोगी खुलासा वेगळा असतो: ‘या यादीतल्या दहापैकी सात जण आम्हाला पैसे देतात, ते कोणते ते नावापुढे लिहिलं आहे, आणि क्रम पैशावरून ठरत नाही.’ शेवटचा भाग खरा असेल तरच लिहायचा, अर्थात.

आता तपासणी, म्हणजे आपलं खरं काम. बहुतेक परीक्षणं साइटचं मुखपृष्ठ आणि प्रसिद्धीपत्रक वाचून लिहिलेली असतात. ओळखायचं कसं? पैसे काढण्याबद्दल त्यात काय आहे ते बघा. ‘विड्रॉल २४ तासांत होतो’ असं लिहिलं असेल तर ते साइटचं वाक्य आहे. ‘मंगळवारी संध्याकाळी मागणी केली, बुधवारी ओळखपत्र मागितलं, मग पत्त्याचा पुरावा, तो धूसर म्हणून परत पाठवला, शुक्रवारी दुपारी पैसे आले’ असं असेल तर ते परीक्षकाचं.

पैसे भरणं सगळीकडे सोपं असतं. त्याला गुण देण्यात अर्थ नाही. साइटचा स्वभाव कळतो तो पैसे काढताना. आम्ही प्रत्येक ठिकाणी स्वतःचे पैसे भरतो, बोनस न घेता थोडं खेळतो आणि उरलेली रक्कम परत मागतो. केवायसी कधी मागतात याची नोंद ठेवतो. खातं उघडताना मागितली तर चांगलं; पैसे काढायच्या वेळी मागून मग हप्त्याहप्त्याने नवी कागदपत्रं मागत राहिले, तर तो दोष मोठ्या अक्षरांत लिहितो. मागणी प्रलंबित असताना ‘विड्रॉल रद्द करा आणि खेळत राहा’ असं बटण दाखवतात का, हेही बघतो. पैसे अडकून पडलेल्या माणसापुढे ते बटण ठेवण्याचा हेतू उघड आहे. ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२० मध्ये ऑपरेटरांना ही सोय बंद करायला सांगितली. बऱ्याच बाजारांत ती अजून दिसते.

इथे एक अडचण आहे जिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. साइटच्या अफिलिएट विभागाला परीक्षकाचं नाव ठाऊक असतं, त्यामुळे त्याचं खातं ओळखलं जातं आणि पैसे तासाभरात येतात. खोट्या नावाने खातं उघडणं हा मार्ग नाही. ओळख पडताळणीत ती फसवणूक ठरते आणि साइटची अटही मोडते. आम्ही असं करतो की तपासणी करणाऱ्याचं नाव ऑपरेटरला कळवत नाही, आणि आमच्या लिंकवरून न जाता थेट जाऊन त्याच्या खऱ्या नावाने खातं उघडायला लावतो. तरी एका खात्यावरून सगळं कळत नाही. उदाहरणार्थ, सातत्याने जिंकणाऱ्यांच्या पैजेवर कमाल मर्यादा घालणं, ही खेळांवरच्या बेटिंगमधली सर्रास चालणारी गोष्ट आहे. दोन आठवडे किरकोळ रकमा लावणाऱ्या परीक्षकाला तिचा अनुभव येणारच नाही. मग ‘आम्हाला मर्यादा आढळली नाही’ असं लिहिणं खरं, पण दिशाभूल करणारं. आम्ही ‘हे आम्ही तपासू शकत नाही’ असं लिहितो आणि नियम व अटींमध्ये साइटने तो हक्क स्वतःकडे ठेवला असेल, तर ते कलम उद्धृत करतो.

बोनसवर थोडं थांबते, कारण परीक्षणांतली सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते आणि ती पाचवीच्या गणिताने उघडी पडते. समजा तुम्ही १०० भरले, साइटने १०० चा बोनस दिला. अट: बोनसच्या ३५ पट उलाढाल. म्हणजे पैसे काढता येण्याआधी ३,५०० च्या पैजा लावायच्या. ९६ टक्के परताव्याच्या स्लॉटवर, म्हणजे चित्रं फिरवायच्या मशीनच्या खेळावर, दर १०० मागे सरासरी ४ जातात. ३,५०० मागे १४०. बोनस १०० चा, तो मिळवण्याची सरासरी किंमत १४०. अट ‘ठेव अधिक बोनस’च्या ३५ पट असेल तर उलाढाल ७,०००, सरासरी तोटा २८०, आणि तुमच्या खात्यात एकूण होते २००. काहींचं नशीब निघेल, पण बहुतेकांचे पैसे अट पूर्ण होण्याआधी संपतील. शिवाय टेबलवरचे खेळ अनेकदा १० टक्केच मोजले जातात, म्हणजे त्यावर तीच ३,५०० ची अट ३५,००० ची होते. बोनस चालू असताना एका पैजेची कमाल रक्कम ठरलेली असते. चुकून ओलांडलीत तर जिंकलेलं सगळं जप्त करण्याचं कलम असतं.

यातलं काहीही ‘१०० टक्के स्वागत बोनस!’ या तीन शब्दांत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून उलाढालीची अट दहा पटींवर आणली गेली आहे. तेच उदाहरण दहा पटींनी करून बघा: १,००० ची उलाढाल, ४० तोटा, बोनसमधले ६० उरतात. एका आकड्याने ‘भेट’ आणि ‘सापळा’ यातला फरक पडतो. म्हणून माझ्या टीममध्ये नियम आहे, की बोनसची रक्कम छापायची तर त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, सरासरी खर्चही छापायचा. या एका नियमामुळे आमची बटणं कमी दाबली जातात. ते आम्ही मोजलं आहे आणि गिळलं आहे.

स्लॉटच्या आरटीपीबद्दल, म्हणजे परताव्याच्या त्या टक्केवारीबद्दल, एक सूचना, सहसा कोणी सांगत नाही म्हणून. एकाच नावाचा, त्याच चित्रांचा खेळ निर्माते वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्यांत देतात आणि कोणती लावायची ते साइट निवडते. त्यामुळे निर्मात्याच्या पानावरचा आकडा उचलून छापू नका. त्या साइटवर तो खेळ उघडा, आतल्या माहितीच्या पानावर जा आणि तिथला आकडा घ्या.

खेळांच्या पैजांमध्ये हेच काम भावांमधून करायचं. ‘आकर्षक भाव’ हे शब्द मी प्रत्येक मजकुरातून खोडते. मोजा ना. दोन समसमान शक्यतांवर १.९१ आणि १.९१ असा भाव असेल (म्हणजे १ लावून जिंकलात तर मूळ रकमेसह १.९१ परत), तर प्रत्येकी एक भागिले १.९१ करून बेरीज घ्या: साधारण १.०४७. वरचे ४.७ टक्के म्हणजे साइटचा कट. १.८३ आणि १.८३ असेल तर तोच ९.३ टक्के होतो. फुटबॉलच्या सामन्यात २.१०, ३.४० आणि ३.५० असे तीन भाव असतील तर बेरीज १.०५६. एकाच वेळी, एकाच सामन्यांवर पाच-सहा साइटांचे भाव टिपून ही बेरीज लावली, की ‘आकर्षक’ कोण ते आपोआप दिसतं. मोठ्या सामन्यांवर कमी कट आणि आडबाजूच्या सामन्यांवर भरमसाट, असंही दिसतं. तेही लिहायचं.

परवान्याचं काम पाच मिनिटांचं आहे, तरी टाळलं जातं. तळाशी शिक्का दिसला म्हणून विश्वास ठेवायचा नाही. नियामकाच्या जाहीर नोंदवहीत जाऊन कंपनीचं नाव आणि डोमेन दोन्ही जुळतात का ते बघायचं. ब्रिटन आणि माल्टाच्या नोंदवह्या कोणालाही उघडता येतात. कुरासाओ या कॅरिबियन बेटावर पूर्वी चार मुख्य परवानाधारक आणि त्यांच्या हाताखाली असंख्य उपपरवाने अशी रचना होती. डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा आला आणि ती रचना मोडीत निघाली. जुन्या उपपरवान्याचा शिक्का अजून मिरवणारं पान दिसलं तर थांबा. आणि सगळे परवाने सारखे नसतात हे वाचकाला सांगा: तक्रार झाली तर कोणाकडे जायचं, त्याला कोणी उत्तर देतं का, हे परवान्याच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कोण पैसे देतं ते आधी, मग पैसे काढून बघणं, मग बोनस आणि भावांचं गणित, मग परवाना. उरले ते तारे.

ताऱ्यांचा दोष सरासरीत आहे. समजा चार निकष, प्रत्येकी दहापैकी गुण. दिसणं ९, खेळांची निवड ९, बोनस ९ आणि पैसे काढणं २. सरासरी ७.२५, म्हणजे पाचपैकी साडेतीनच्या वर. जिथून पैसे बाहेर येत नाहीत अशी साइट ‘बरी’ ठरली! पूल उत्तम रंगवलेला आहे, कठडे सुंदर आहेत, मधला एक खांब नाही. त्याला साडेतीन तारे कोणी देईल का? म्हणून काही निकष सरासरीत घालायचेच नाहीत. परवाना, विड्रॉल, तक्रारनिवारण आणि स्वतःवर मर्यादा घालायच्या सोयी हे दाराशीच तपासायचे. एकात नापास तर गुणच नाहीत, आणि ‘नापास, या कारणाने’ असं पान प्रसिद्ध करायचं. नापासांची पानं कमाई करत नाहीत, पण ती नसतील तर पास झालेल्यांच्या ताऱ्यांना काही किंमत राहत नाही.

भाषेबद्दल फार सांगत नाही. तुम्ही लेखक आहात. ‘हमखास’, ‘जोखीममुक्त’, ‘सहज कमाई’ हे शब्द कधीच नाहीत. ‘जोखीममुक्त’ पैजेत आधी स्वतःचे पैसे हरावे लागतात आणि परत मिळते ती फक्त पुन्हा खेळण्यापुरती वापरता येणारी रक्कम. अमेरिकेत ओहायो राज्याच्या नियामकाने २०२३ च्या सुरुवातीला अशा जाहिरातींवरून ऑपरेटरांना दंड केला. आणि कोणाच्या आयुष्याची गोष्ट सांगून जुगार विकायचा नाही. २०१७ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने अफिलिएटने बनवलेल्या एका बातमीवजा जाहिरातीवर निर्णय दिला. त्यात कर्जात बुडालेल्या, पत्नी आजारी असलेल्या माणसाला कसिनोने तारलं अशी रचलेली कहाणी होती. दोषी धरलं ते ज्यांची जाहिरात होती त्या ऑपरेटरांना. तेव्हापासून चांगले ऑपरेटर अफिलिएट निवडताना जास्त जपून असतात, आणि हा मुद्दा तुमच्या मालकाशी बोलताना तुमच्या उपयोगी पडेल.

एका गोष्टीबाबत मात्र ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची सोय आहे. ज्याला स्वतःला आवरायचं आहे तो नाव नोंदवतो आणि सगळ्या परवानाधारक साइटांची दारं त्याच्यासाठी ठरलेल्या मुदतीपुरती बंद होतात. मार्च २०२० अखेरपासून हे प्रत्येक परवानाधारकाला बंधनकारक आहे. आणि आमच्याच धंद्यात ‘गॅमस्टॉपमध्ये नसलेल्या साइट’ अशा याद्या बनतात. हे शब्द शोधणारा कोण असतो? ज्याने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं आणि आज रात्री ते उघडू पाहतो आहे, तो. मला अशी यादी करायला सांगितली होती, त्या शब्दांवर वाचक भरपूर आहेत म्हणून. मी नाही म्हटलं आणि दोन महिन्यांनी ती नोकरी सोडली. यादी दुसऱ्या कोणी केली असेलच. तुमच्या संकेतस्थळावर असं पान आहे का, ते आज बघा. असेल तर बाकीची चर्चा करत बसू नका.

अद्ययावत ठेवण्याबद्दल एवढंच: ‘शेवटचा बदल’ची तारीख रोज आपोआप पुढे सरकवणारी व्यवस्था अनेकांकडे असते. तारखेशेजारी काय बदललं हे लिहिलेलं नसेल तर ती तारीख खोटी समजा. अटींच्या पानाची प्रत तपासणीच्या दिवशी जपून ठेवा. साइट अटी बदलतात आणि मग वाचक तुम्हालाच विचारतो, तुम्ही असं कसं लिहिलंत.

‘गुगल कोणाला वर आणतं, तिथे प्रामाणिकपणाला कोण विचारतं’ असंही तुम्ही लिहिलंत. काही अंशी खरं. नावाजलेल्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळावर कोपरा भाड्याने घेऊन तिथे बेटिंगच्या याद्या चालवायच्या आणि त्या नावाच्या जोरावर वर यायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. गुगलने मार्च २०२४ मध्ये याला स्वतंत्र नियमभंग ठरवलं आणि मे महिन्यात कारवाई सुरू केली. बरीच पानं गायब झाली. प्रामाणिक पानं त्यामुळे वर आली का? काही आली, काही नाही. प्रामाणिकपणाचं बक्षीस वाचकसंख्येत मिळेल असं गृहीत धरून मालकाला पटवू नका, दोन तिमाहींत तोंडघशी पडाल.

तुम्ही काय करावं ते तुमच्या घरच्या गणितावर आहे. पगार लगेच सोडता येत नसेल तर त्यात लाज नाही. मीही चार वर्षं काढली. पण या आठवड्यात संपादकांना तीन प्रश्न लेखी विचारा. आपण दिलेले सगळ्यात कमी तारे कोणाला आणि का? क्रम लावणाऱ्याला कमिशनचे आकडे दिसतात का? मला पुढच्या साइटवर तपासणीसाठी पैसे भरून ते काढून बघायला परवानगी आणि खर्च मिळेल का? तिसऱ्याला ‘हो’ आलं तर राहण्यासारखं आहे, बाकीचं हळूहळू वळवता येतं. तिन्हींना हसण्यावारी नेलं तर निदान मजकुरावर तुमचं नाव छापू देऊ नका.

आणि तुमच्या करारात मजकुराबद्दलचं जे कलम आहे म्हणालात, ते कंपनीचं नाव खोडून इथे टाका. ‘सकारात्मक सूर’ हे शब्द त्यात असतील तर त्याचा अर्थ काय लावला जातो, ते ओळ वाचल्यावर सांगते.